पांढरीची चित्रं

अर्धापूरला माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाचा दस्तरखान अंथरलेला, दालच्याचा वास सुटलेला, आणि त्या सगळ्या गलक्यात पर्समधला फोन थरथरत राहिला. नंबर अनोळखी होता. मी मंडपाच्या मागे, केळीच्या बागेच्या कडेला येऊन तो उचलला. "नसरीन मॅडम का? मी लातूरहून बोलून राहिलो. विजया मॅडमच्या शेजारी राहतो. त्यांच्या मोबाईलमधी सगळ्यात वर तुमचाच नंबर हाय, म्हणून तुम्हालाच लावला..." मग म्हणाला, "मॅडम गेल्या." आणि मी विचारलं, "कुठं?" मग त्या बिचाऱ्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली, दार उघडलं नाही, म्हणून यानं मागच्या दारानं जाऊन पाहिलं होतं. विजू झोपेतच गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ केळीच्या घडांवर बांधलेल्या निळ्या पिशव्यांकडं बघत उभी राहिले. मागे मंडपात कुणीतरी मला हाका मारत होतं.

लातूरला पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तिच्या शाळेतले काही शिक्षक, गल्लीतली दोन-चार माणसं, गावाकडून आलेला एक दूरचा चुलतभाऊ. अंगणात सगळे जरा लांब लांब उभे होते. मयताच्या घरी गेलं की आपण कुणाच्या तरी जवळ जातो, खांद्यावर हात ठेवतो. इथं कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा तेच लोकांना कळत नव्हतं. मुख्याध्यापक आले, इकडं तिकडं बघितलं आणि शेवटी मलाच नमस्कार करून म्हणाले, "आपण कोण त्यांच्या?" मी म्हटलं, "मैत्रीण." ते मान हलवून पुढं कुणी आहे का ते बघू लागले. पुढं कुणी नव्हतं. त्या चुलतभावानंच अग्नी दिला.

आता काही आठवडे उलटलेत. तिच्यावर लिहा म्हणून पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना विचारलं, चित्रकर्ती म्हणून लिहू की मैत्रीण म्हणून? ते म्हणाले, जसं जमेल तसं. मला ती दोन वेगळी करता येत नाहीत.

आम्ही नांदेडला भेटलो. कला शिक्षकाच्या पदविकेचा वर्ग होता, आणि मुली इन-मीन पाच-सहा. माझ्या अब्बांचं इतवारा भागात फोटो-फ्रेमचं दुकान. देवांचे फोटो, मक्का-मदिना, लग्नाचे जोडफोटो, सगळं एकाच भिंतीवर टांगलेलं असायचं. विजू वसतिगृहात राहायची आणि संध्याकाळी माझ्याबरोबर दुकानात यायची. फ्रेमच्या पट्ट्यांचे उरलेले तुकडे, पुठ्ठे, असलं काहीबाही अब्बा तिच्यासाठी बाजूला ठेवायचे. ती लातूर जिल्ह्यातली, औशाच्या पुढच्या एका खेड्यातली. गावाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढं येईल. बोलणं तुटक, हसणं मोठं. वर्गात सर बाहेर नेऊन निसर्गचित्रं काढायला लावायचे. आम्ही सगळ्याजणी गोदावरीचा घाट, होड्या, पाण्यातली प्रतिबिंबं काढायचो आणि ही पठ्ठी घाटाकडं पाठ करून मागचा उजाड माळ काढायची. सर विचारायचे, "यात आहे काय?" ती म्हणायची, "काहीच न्हाई सर. म्हणूनच अवघड हाय."

दुसऱ्या वर्षी गणपती उठले आणि दुसऱ्या दिवशी भूकंपाची बातमी आली. नांदेडलाही हादरा जाणवला होता, भांडी वाजली होती, पण आम्हाला वाटलं एवढंच. दुपारपर्यंत रेडिओवर गावांची नावं येऊ लागली. विजू दुकानात अब्बांच्या स्टुलावर बसून ऐकत होती. तिच्या गावाचं नाव आलं तेव्हा तिनं हातातला काचेचा तुकडा नीट खाली ठेवला आणि अब्बांना म्हणाली, "चाचा, एसटी चालू असल का?" अब्बा स्वतः तिच्याबरोबर गेले. दोघं परत आले तेव्हा अब्बा जेवले नाहीत, आणि त्या प्रवासाबद्दल मरेपर्यंत घरात एक शब्द बोलले नाहीत. विजूचे आई-बाबा, आजी, धाकटा भाऊ... त्या घरातून कुणी निघालं नाही. ती तेवढी वाचली, कारण नांदेडला चित्रकला शिकत होती.

त्यानंतर ती महिनोन् महिने आमच्या घरी राहिली. अम्मी तिच्यासमोर ताट घेऊन बसायची. "कुछ तो खा लेओ बेटा." ती खायची, भांडी घासायची, माझ्या धाकट्या भावाचा अभ्यास घ्यायची. रडताना मी तिला पाहिलं नाही. गावाबद्दल ती बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही. पदविका पुरी झाली, लातूरला मुलींच्या शाळेत नोकरी लागली, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, नंतर त्याच विकतही घेतल्या. सरकारनं दूर माळावर नवं गाव वसवलं, रांगेत घरं बांधून दिली, पण ती तिकडं राहायला गेली नाही. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "मला कुणाच्या घरात जायचं न्हाई." लोकांना ते चमत्कारिक वाटायचं. मला त्यातला 'घर' हा शब्द ऐकू यायचा.

चित्रं मात्र ती काढत राहिली. बालाघाटाचे बोडके डोंगर, हरभऱ्याची शेतं, उन्हाळ्यातले ओढे. त्यांत माणूस नसायचा, झोपडीसुद्धा नसायची. मी नांदेडात संसार, शाळा आणि जमेल तसे जलरंग करत होते. वर्षातून दोन-तीनदा मी लोहा-अहमदपूरमार्गे एसटीनं तिच्याकडं जायची किंवा ती ईदला माझ्याकडं यायची. बाकी फोन. तिच्या फोनला सुरुवात नसायचीच. "ऐक, आज आभाळ बघ कसलं काढलंय," असं एकदम मधूनच चालू व्हायचं.

काही वर्षांपूर्वी पुण्याचा अनिकेत नावाचा एक तरुण आमच्याकडं आला. मुंबईतल्या एका गॅलरीसाठी मराठवाड्याच्या भूमीविषयी प्रदर्शन मांडायचं होतं. चित्रकार इथलेच हवेत, पण नजर आजची हवी, असं त्याचं म्हणणं. आम्ही पाचजण ठरलो. एकानं अर्धापूरच्या केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालींचा, कागद करून त्यावर बागांची छायाचित्रं छापायचं घेतलं. हिमायतनगरकडचा एकजण सागाच्या जंगलाची मोठी काळी चित्रं करत होता. एकीनं घागरी मांडायचं ठरवलं. मी एसटीच्या खिडकीतून दिसणारा रस्ता घेतला. विजूच्या खोलीत बसून अनिकेतनं तिची शेतं, डोंगर, ओढे पाहिले. चित्रं त्याला आवडली, हे दिसत होतं. तरी तो अडखळत म्हणाला, "मॅडम, सुंदर आहेत. पण यात दुष्काळ कुठेच नाही... मुंबईचे लोक मराठवाडा म्हटल्यावर तेच शोधणार."

"शोधू द्या की," विजू म्हणाली. "जमीन वर्षभर भेगाळलेलीच असती का? आम्ही खातो काय मग?"

तो हसला. मुलगा चांगला होता. जाता जाता त्यानं विचारलं, तुमचं गाव कुठलं? विजूनं सांगितलं. गावाचं नाव ऐकताच त्याचा चेहरा बदलला, आणि तो बदललेला तिनं पाहिला. तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, "चहा घेणार का अजून?"

पण ते नाव तिच्याच तोंडून खूप वर्षांनी निघालं होतं. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. "नसरीन, येशील का माझ्याबरोबर? जुन्या गावात जायचंय."

हिवाळ्याचे दिवस होते. तेरणा नदीच्या बाजूची काळी जमीन ज्वारीनं भरलेली, कणसं पानांच्या पोटरीत भरलेली. जुनं गाव जिथं होतं तिथं बाभळी, बोरी आणि कमरेएवढं गवत. मध्येच एखादा दगडी उंबरा, एखादं आडवं पडलेलं उखळ. विजू सरळ चालत राहिली, कुठं वळली नाही, कुठं थांबली नाही. मी मागून चालत होते, आणि मला वाटत होतं, आता थांबेल, म्हणेल की हे आमचं. ती दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. मग वाकून तिनं मूठभर माती उचलली. आमच्याकडं शेताच्या मातीला काळी म्हणतात आणि गाव जिच्यावर वसतं तिला पांढरी. भिंती त्याच पांढरीच्या, घरांवरची धाब्याची छपरं, म्हणजे माळवदं, तीही तिनंच लिंपलेली. विजूनं ती माती बोटांत चुरली. "बघ," म्हणाली, "हिला रंग म्हणायचा तर कुठला म्हणशील?" राखाडी नाही, पिवळी नाही. आम्ही पिशवीत माती भरली. बाभळीच्या बुंध्यांवर डिंक साकळला होता, तोही तिनं खरवडून घेतला.

ती माती वस्त्रगाळ करून, डिंकाच्या पाण्यात कालवून तिनं मोठमोठ्या कापडांवर चढवली. थरावर थर. कडेला काळ्या मातीची एक रेघ, शेताची हद्द असावी तशी. बाकी सगळं कापड पांढरीचं. उजेड तिरपा पडला की थरांमधले उंचवटे दिसायचे, नाहीतर काहीच नाही. मी पहिलं चित्र पाहिलं आणि मला त्या खोलीत बसवेना. मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. तिनं आतून विचारलं, "बिघडलंय का काही?" मी म्हटलं, "नाही. लागलंय."

मुंबईत उद्घाटनाच्या आधी आम्ही भिंती बघत फिरत होतो. तिच्या चित्रांशेजारी छापील पाटी होती. त्यात तिच्या नावाआधी 'भूकंपग्रस्त चित्रकर्ती' असं लिहिलेलं, आणि गावाचं नावही. विजूनं ती दोनदा वाचली. मग अनिकेतला बोलावून हळू आवाजात म्हणाली, "हे काढा."

"मॅडम, पण संदर्भ नसेल तर लोकांना ही चित्रं कळणार कशी?"

"न्हाई कळली तर न्हाई. मी इथं चित्रकर्ती म्हणून आलेय. ग्रस्त म्हणून न्हाई."

त्यानं तिथल्या तिथं पाटी सोलून काढली. नवीन पाटीवर फक्त नाव आणि 'माती, डिंक, कापड' एवढंच. मी गावाचं नाव लिहीत नाही, ते त्या पाटीमुळं. प्रदर्शन गाजलं. लोक तिच्या भिंतीपुढं सर्वात जास्त थांबायचे. रिकामेपणा, मौन, असे शब्द वर्तमानपत्रांत आले. एक बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती शांत वाटतं हो तुमच्या चित्रांसमोर." विजू नुसतं "हो का" म्हणाली. परतीच्या गाडीत मात्र ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, दमली असेल.

मग ते प्रदर्शन नांदेडला आलं. इथल्या सभागृहाला गॅलरीसारखे दिवे नव्हते, आम्हीच लावले. लोक मुलाबाळांसकट आले. आणि एक दिवस जीप करून विजूच्या गावची माणसं आली. त्यांत अनसाकाकू होत्या, जुन्या गावात भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. त्यांची सासू आणि धाकटी लेक भूकंपाच्या त्या पहाटे गेल्या होत्या. त्या स्वतः गोठ्यात होत्या म्हणून वाचल्या. काकू विजूच्या चित्राजवळ गेल्या आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी त्यावर तळवा टेकवला. बोटं नाकाशी नेली. मग मागं वळल्या.

"ही आपली पांढरी हाय का गं विजू?"

"हाव काकू."

"अन् तू ती भिताडाला टांगलीस?" "दरसाल पावसाच्या आधी आम्ही हीच माळवदावर चढवायचो. गळू नये म्हणून. थरावर थर. तीच अंगावर आली, बाई. माझी लेक हिच्याखालून काढली मी... अन् तू लोकाला दावून राहिलीस?"

काकू पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. प्रदर्शनाचे अजून काही दिवस बाकी होते. विजूनं आपली सगळी चित्रं त्याच संध्याकाळी उतरवली. अनिकेतनं, मी, बाकीच्यांनी, सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "भिंत मोकळी राहू द्या. तिथं दुसरं काही लावू नका." ती मोकळी भिंत शेवटच्या दिवसापर्यंत तशीच राहिली, आणि येणारे लोक तिच्यापुढंही थांबत होते.

पंधरवड्यानं ती काकूंकडं गेली, नव्या गावात. मला बरोबर घेतलं. काकूंनी काहीही झालं नसल्यासारखं "या" म्हटलं, पाय धुवायला पाणी दिलं, गरम भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी वाढली. हात धुऊन झाल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "त्या चित्रात आपली घरं कुठं होती गं? मला न्हाई दिसली."

"घरं न्हाई काढली काकू. जागा काढली."

"घरं न्हाईत तर मग गाव कसलं?" काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

परतताना एसटीत विजू एकदम बोलायला लागली. एवढं सलग ती कधीच बोलली नव्हती. "काकूचं बरोबर हाय. सगळे म्हणाले रिकामेपण, मौन... नसरीन, मी मुद्दाम रिकामं ठेवलंच न्हाई. मला आठवतच न्हाई. त्या दिवशी तू माझ्यामागं चालत होतीस, तुला वाटलं असल मी दुःखानं थांबले न्हाई. मला आमचं घर कुठं होतं तेच कळंना. इतकी वर्षं तिकडं बघायचं न्हाई, बघायचं न्हाई, म्हणून बसले, अन् बघायला गेले तर काहीच शिल्लक न्हाई. आईचा आवाजसुद्धा न्हाई." तिनं खिडकीची काच वर केली. बाहेर सोयाबीन काढून झालेली काळीभोर शेतं मागं पळत होती. मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला, पण बघत ती बाहेरच राहिली.

पुढच्या रविवारी ती एकटीच काकूंकडं गेली. त्याच्या पुढच्याही. मग ते नेमच झालं. पांढरीनं मढवलेलं एक मोठं कापड तिनं लातूरच्या खोलीत भिंतीला लावलं होतं. रविवारी काकूंकडून ऐकून यायची आणि आठवडाभर त्या कापडावर गेरूच्या बारीक रेघांनी काढायची... दार कोणत्या अंगाला, ओटा केवढा, चूल कुठं, म्हशी कुठं बांधायच्या, कुणाच्या परसात शेवगा होता. वरून बघितल्यासारखं गाव, घरामागून घर. काकूंना आधी हसू यायचं. "असलं काय काढतीस, लेकरासारखं." पण नंतर त्या आठवडाभर आठवून ठेवू लागल्या. गुडघ्यांनी उठवत नव्हतं, तरी विजू आली की अंगणात काठीनं रेघोट्या ओढून दाखवायच्या. एखाद्या घराशी पोचल्या की थांबायच्या, डोळे पुसायच्या, पुन्हा सुरू करायच्या. विजू म्हणायची, "अनिकेतला सांगू नकोस हं. हे प्रदर्शनासाठी न्हाई." मी नाही सांगितलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. नेहमीसारखाच, मधूनच. "ऐक, आमचं घर झालं आज."

"कसं वाटलं?"

"खरं सांगू? परक्याचं काढल्यासारखं वाटलं. काकू सांगून राहिली, आई दारात बसून शेंगा फोडायची, भाऊ ओट्यावरून उड्या मारायचा... मी काढत गेले. माझं काहीच त्यात न्हाई." मग तिचा आवाज जरा बदलला. "पण दार काढताना कडी आठवली. काकूनं न्हाई सांगितली ती. उंच होती. माझा हात पुरायचा न्हाई, टाचा वर करून काढावी लागायची. लोखंड गार लागायचं बोटाला." ती हसली. तेच तिचं मोठं हसणं. "एवढी एक कडी माझी हाय बघ."

तिची खोली आवरायला मीच गेले, कारण दुसरं कोण जाणार. ते कापड तसंच भिंतीवर होतं. गावाचा एक कोपरा अजून कोरा होता. मी तिची कडी शोधली. दाराच्या रेघेवर नखाएवढी, गेरू दोनदा फिरवून गडद केलेली. कापड गुंडाळून मी नांदेडला आणलं आणि माझ्या खोलीत लावलं. घरातले लोक त्याच्यापुढून जाताना आवाज कमी करतात. मी बऱ्याचदा तिथं बसून असते. बोलायला कुणी नसतं... म्हणजे घर भरलेलं असतं, पण "ऐक" म्हणून मधूनच सुरू होणारा फोन आता कुणाचा येणार नाही.

गेल्या रविवारी दुपारी मात्र फोन आला. अनसाकाकूंच्या नातवानं लावून दिला होता. विजू गेल्याचं आणि कापड माझ्याकडं असल्याचं मी त्याला कळवलं होतं. काकूंनी ख्याली-खुशाली विचारली नाही. त्यांचं घाईघाईनं चालू झालं, वेशीजवळच्या सुताराच्या घराबद्दल. आठवडाभर आठवून ठेवलेलं असणार, आणि ते सांगायला कुणी आलं नव्हतं. मी फोन कानाशी धरून उठले, गेरूची वाटी शोधली, कापडाच्या कोऱ्या कोपऱ्यासमोर उभी राहिले. "दार कोणत्या अंगाला, काकू?"

"उगवतीला. अन् ओटा डाव्या हाताला काढ, विजू. डाव्या हाताला."

बोलून झाल्यावर त्या थांबल्या. आपण विजू म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

"हाव काकू," मी म्हटलं, आणि ओटा डाव्या हाताला काढला.